विहीणबाईंबरोबर धुक्याच्या गोष्टीत

मेडनहेड

माझी विहीण वेल्श आहे असं नागपूरला कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे इंग्रजच ना?" हाच प्रश्न ग्वेनबाईंसमोर कुणी विचारला, तर त्या हातातला चहाचा कप खाली ठेवतात. त्यांनी कप खाली ठेवला की मी विषय बदलते. इंग्रजीत सगळ्यांनाच 'यू' म्हणायचं असतं, पण मनातल्या मनात मी त्यांना अहोजाहोच करते. शेवटी त्या जावयाच्या आई.

मी आयुष्यभर एका हॉस्पिटलात एक्स-रे काढले. माणसाच्या आत काय आहे ते बघायचं तर त्याला यंत्र लागतं, अशी माझी पक्की समजूत. त्यामुळे मे महिन्यात ग्वेनबाईंनी सांगितलं की वेल्समधल्या एका शेतावर शनिवार-रविवारला जोडून एक शिबिर आहे, तिथे डफाच्या ठेक्यावर डोळे मिटून पडायचं आणि तिथल्या प्राचीन केल्ट लोकांच्या गोष्टींच्या आत जाऊन यायचं, तेव्हा मी नुसतं "हो का" म्हटलं. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मैत्रिणीच्या खुब्याचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. जागा रिकामी होती.

"आई, तू जा गं," मुक्ता म्हणाली. ही माझी मुलगी, लंडनजवळ मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला सातवा महिना लागला होता आणि मी बाळंतपणासाठी येऊन राहिले होते. "मला दोन दिवस कुणी दूध पी म्हणून मागे लागलं नाही, तर चालेल मला."

जावई ओवेन मराठी शिकतो आहे. तो म्हणाला, "आई, तुम्ही जा. फार चांगला जागा आहे."

"चांगली," मुक्ता म्हणाली.

"हो, चांगली जागा आहे. आणि माझी मम्मी एकटा गाडी चालवणार नाही."

मी गेले. वेम्बलीच्या भारतीय दुकानातून आणलेला चिवडा, लसणाची चटणी आणि थोडे तांदूळ पिशवीत घातले. वेल्समध्ये शाकाहारी माणसाला काय मिळेल याची मला खात्री नव्हती.

सेव्हर्नच्या पलीकडे

सेव्हर्न नदीवरचा मोठा पूल ओलांडला की वेल्स लागतं. पाट्या दोन भाषांत दिसायला लागतात आणि डोंगर जवळ येतात. मोठा रस्ता सोडून आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच भिंती, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. रस्त्यावरच ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आराफ'. थोडं पुढे गेलो, पुन्हा 'आराफ'. वळण घेतलं, पूल आला, शाळा आली, तरी आराफ काही संपेना.

"हे आराफ गाव भलतंच मोठं दिसतंय," मी म्हणाले.

ग्वेनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. 'आराफ' म्हणजे वेल्शमध्ये 'सावकाश'. मी तासाभरापासून सावकाश नावाच्या गावातून चालले होते. मीही हसत सुटले. दोघींनी डोळे पुसले. शेजारच्या कुरणातल्या मेंढ्या चरायचं थांबवून आमच्याकडे बघत होत्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी गाडी लगेच सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "मला वेल्श शब्द येतात ते एवढेच. सावकाश, बाहेर जाण्याचा रस्ता, स्त्रियांचं स्वच्छतागृह. पाट्यांवरून शिकलेले."

मग त्यांनी आपल्या आईची हकीकत सांगितली. त्यांचं लहानपण याच डोंगरांतलं. आई त्यांच्याशी वेल्शच बोलायची. त्या पाच वर्षांच्या असताना वडिलांना इंग्लंडात रेडिंगला नोकरी लागली. वडील इंग्रज होते, शाळा इंग्रजी, शेजारही इंग्रजी. आईनं एक दिवस वेल्श बोलणं बंद केलं. मुलगी मागे पडू नये म्हणून. त्याआधी ती रोज झोपताना एक गोष्ट सांगायची, आणि ती गोष्ट ग्वेनबाईंना अर्धीच आठवत होती.

"डोंगरावर एक म्हातारी असते," त्या सांगू लागल्या. "लोक मेंढ्या राखतात, तशी ती धुकं राखते. सकाळी सोडते, संध्याकाळी दगडी कोंडवाड्यात घालते. एक मुलगी तिच्याकडे कामाला राहते. म्हातारी तिला बजावते, काहीही झालं तरी माझ्या माघारी फाटक उघडायचं नाही. पण आतून कोकरू रडल्यासारखा आवाज येतो. मुलीला राहवत नाही. ती फाटक उघडते, आणि सगळं धुकं दरीत उतरतं. घरं दिसेनाशी होतात, नदी दिसेनाशी होते. मुलीला आपलं घर कुठे आहे ते कळेना."

"मग?" मी विचारलं.

"मग मी झोपी जायचे."

आई गेल्या हिवाळ्यात वारली. शेवटचं वर्ष ती रेडिंगच्या वृद्धाश्रमात होती. विस्मरण इतकं वाढलं की इंग्रजी पुसून गेलं आणि ती फक्त वेल्श बोलू लागली. तिथे कुणालाच ती भाषा येत नव्हती. लेकीलाही नाही. ती लेकीचा हात धरून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायची. वाक्याच्या शेवटी 'आइस' असं काहीसं ऐकू यायचं, म्हणून ग्वेनबाई तिला बर्फाचे तुकडे आणून द्यायच्या. ती ते चघळायची, हसायची, आणि पुन्हा तेच म्हणायची.

"तुमच्याकडे बाळाला सांगायला किती गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एकच आहे. तीही अर्धी."

त्यांनी गाडी सुरू केली. उरलेल्या आराफांमधून आम्ही खरोखरच सावकाश गेलो.

शेतावर

शेत होतं शान नावाच्या बाईंचं. आधी त्या सुईण होत्या. दरीतली अर्धी पोरं त्यांच्याच हातून जगात आली, असं लोक सांगत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, लाल गाल, आणि आवाज असा की वासरूही मुकाट्यानं ऐकेल. त्यांनी गुरांचा जुना गोठा स्वच्छ करून आत लाकडाची शेगडी बसवली होती. जमिनीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. आम्ही दहाबारा जण होतो. माझ्या शेजारच्या घोंगडीवर डेरेक होता, स्वान्सीला बस चालवून निवृत्त झालेला, अंगानं दांडगा आणि स्वभावानं लाजरा.

शान यांनी हातात वाद्य घेतलं आणि मी चमकले. गोल लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं. थेट आपला डफ. आमच्याकडे असा डफ-हलगी कडाडली की कुणाच्या तरी अंगात येतं. लहानपणी माझ्या मावशीच्या गावी मी ते पाहिलं होतं आणि आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. मी हात वर करून हे सांगून टाकलं. मला अंगात यायला नको होतं, विशेषतः विहिणीसमोर.

शान मनापासून हसल्या. "तुमच्याकडे देवी येते," त्या म्हणाल्या. "इथे आपण जायचं. शुद्ध हरपत नाही. खाज सुटली तर खाजवता येतं."

मग त्यांनी जे सांगितलं त्यामुळे मला त्या बाई आवडल्या. "जुने केल्ट लोक नेमकं काय करत होते, ते कुणालाच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "जे लिहिलेलं सापडतं, ते पुष्कळ नंतरचं आणि बरंचसं परक्यांचं. डफाच्या ठेक्यावर आत उतरण्याची रीत मी दूर उत्तरेकडच्या शामन लोकांच्या परंपरेतून शिकले. ती इथली असल्याचा दावा मी करणार नाही. पण गोष्टी इथल्या आहेत. आपण या डोंगरांतल्या गोष्टीत शिरायचं आणि तिथे कुणी भेटतं का बघायचं. भेटलं नाही तर विश्रांती झाली."

शामन म्हणजे डफ वाजवत दुसऱ्या जगात जाऊन येणारा, साधारण आपल्या भगतासारखा.

कृती सोपी होती. आडवं व्हायचं, डोळ्यांवर रुमाल घ्यायचा, मनात एखादा झरा किंवा झाडाचं मूळ धरायचं आणि त्यातून खाली उतरायचं. डफ एकाच लयीत वाजत राहतो. लय बदलली की परत यायचं. मी नागपूरच्या अंबाझरी तलावाची पायरी मनात धरली आणि उतरायला लागले. पुढचं मला डेरेककडून कळलं.

"तुम्ही घोरत होतात," तो अदबीनं म्हणाला. "पण डफाच्या तालात."

तो स्वतः मासा झाला होता. दर शिबिराला तो मासाच होतो. "आयुष्यभर बस चालवली," तो म्हणाला, "आता कुणी मला थांबायला सांगत नाही."

ग्वेनबाईंना काही दिसलं नाही. दगडी कोंडवाड्यापर्यंत पोचले आणि पुढे नुसतं पांढरं, एवढंच त्या म्हणाल्या आणि घोंगडीची घडी घालू लागल्या.

संध्याकाळी जेवायला बटाटा आणि लीक नावाच्या पातीचं गरम सूप होतं. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची थोराड बहीण. चव छान, पण तिखटाचा पत्ता नाही. मी लसणाची चटणी काढली. डेरेकनं जॅम लावतात तशी ती पावावर लावली. मी थांबवेपर्यंत घास तोंडात गेला होता. त्याचं कपाळ लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, तो उठून दारापर्यंत जाऊन आला. मग त्यानं पुन्हा चटणीची बाटली पुढे ओढली.

झऱ्याची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर ग्वेनबाई शेगडीपाशी उभ्या. समोर जाड लोखंडी तवा, अगदी माझ्या सासूबाईंचा होता तसा. त्यावर त्या बेदाणे घातलेल्या छोट्या गोल चकत्या भाजत होत्या. त्यांना वेल्श केक म्हणतात, पण केक कसला, गोड दशमीच ती. हे मात्र त्यांना आईकडून पूर्ण आलं होतं. भाषा सुटली तरी तवा सुटला नव्हता.

न्याहारीनंतर वरच्या झऱ्यावर जायचं होतं. शान यांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या पूर्वजांसाठी काहीतरी खायला घ्यावं. हे मला अगदी घरचं वाटलं. मी सकाळीच भात शिजवून घेतला. झऱ्याकाठच्या सपाट दगडावर कुणी पाव ठेवला, कुणी चीज, ग्वेनबाईंनी आपली चकती. मी भाताचा घास ठेवला आणि आकाशात कावळा शोधू लागले. दूरवर एक दिसत होता. तो विचार करत होता. तेवढ्यात शान यांचा काळापांढरा कुत्रा आला, त्यानं शांतपणे भात खाल्ला, दगड चाटला आणि माझ्याकडे 'अजून आहे का' अशा नजरेनं पाहिलं. पितृपक्षात कावळा शिवावा म्हणून आम्ही तास तास वाट बघतो. इथे निमिषात काम उरकलं. माझे आजोबा कुत्र्यांचे लाडके होते, त्यांची हरकत नसावी.

मी वाटी झऱ्यात धुवत बसले, तोवर मंडळी उतरायला लागली होती. उठून मागे पाहिलं तर डोंगराचा माथा नव्हता. पांढरं काहीतरी वरून उतरत होतं, घाई न करता. मी दहापंधरा पावलं चालले असेन. तेवढ्यात पायाखालचं गवत सोडून सगळं गेलं.

मी नागपूरची. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आलेली मला माहीत आहे, पण भर सकाळी पांढऱ्यानं काही दिसेनासं होतं हे माहीत नव्हतं. वाट कुठल्या बाजूला होती ते कळेना. जवळच कुणी खोकलं. मी "एक्स्क्यूज मी" म्हणून वळले, तर मेंढी होती. पुढे पाय टाकला तो चिखलात घोट्याच्या वर रुतला. ओढून काढला तो बुटाविना आला. आता मात्र मला घर आठवलं. घरी मुक्ता, तिचे हे दिवस, आणि मी एका पायात नुसता मोजा घालून कुठल्याशा डोंगरावर.

"सूलाबा," खालून हाक आली. ग्वेनबाईंच्या तोंडी माझं सुलभा हे नाव असंच येतं.

"मी इथे आहे," मी ओरडले.

"घाबरू नका. मी बोलत राहते. माझ्या आवाजाकडे या."

आणि त्या बोलू लागल्या. बहुतेक काय बोलावं ते त्यांना सुचलं नसावं, म्हणून त्या धुक्यातून मोठ्यानं वेल्श केकची कृती सांगत राहिल्या. मैदा इतका, लोणी इतकं, चिमूटभर मीठ, जायफळ किसून, बेदाणे मूठभर, जास्त मळायचं नाही. मी लोण्यापासून निघाले आणि बेदाण्यांपर्यंत पोचले. पांढऱ्यातून आधी त्यांचा लाल रेनकोट दिसला, मग पुढे केलेला हात. मी तो धरला.

"तुमचा बूट?" त्यांनी विचारलं.

"पूर्वजांना दिला," मी म्हणाले.

पुन्हा डफ

दुपारी अंग शेकून, कुणाचे तरी मोठे बूट घालून मी पुन्हा घोंगडीवर पडले. या वेळी झोप लागली नाही. डफ सुरू झाला आणि झऱ्याचं ते थंड पाणी आपोआप मनात आलं. मी त्यातून खाली गेले. आता हे मी जसं घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. खाली दगडी कोंडवाडा होता. फाटकाशी एक म्हातारी बसली होती, धुक्याची लोकर विंचरत. तिनं मान वर केली आणि अस्सल नागपुरीत विचारलं, "काहून आली वो बाई?"

मी पडल्यापडल्या हसले. उत्तर द्यायच्या आत लय बदलली.

शेजारी ग्वेनबाई उठून बसल्या होत्या. रुमाल हातात होता. त्या रडत नव्हत्या, पण कुणीतरी अचानक दिवा लावल्यावर दिसतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. सगळे गोल करून बसलो. डेरेकनं माशाची हकीकत थोडक्यात सांगितली. मग ग्वेनबाई म्हणाल्या, "आज मी फाटकाच्या पुढे गेले. सगळं पांढरं होतं. सकाळी यांना शोधताना होतं तसंच. आणि आईचा आवाज आला. वृद्धाश्रमात ती म्हणायची तेच वाक्य. बर्फाचं."

"म्हणून दाखवाल?" शान यांनी विचारलं.

ग्वेनबाईंनी डोळे मिटले. "देरे आत व ल्हाइस ई," त्या हळूच म्हणाल्या. तो 'ल्ह' निराळाच होता, जिभेच्या कडेनं वारा सोडल्यासारखा. पाच वर्षांच्या मुलीला जमलेला आवाज अजून तोंडात होता.

शान यांनी मांडीवरचा डफ बाजूला ठेवला. "त्यात बर्फ नाही, ग्वेन," त्या म्हणाल्या. "ल्हाइस म्हणजे आवाज. 'माझ्या आवाजाकडे ये,' असं आहे ते."

मला सकाळचा लाल रेनकोट आठवला.

"ही गोष्ट मला ठाऊक नाही," शान पुढे म्हणाल्या. "प्रत्येक दरीत वेगळी सांगतात. तिचा शेवट हाच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"मी सांगू शकते," ग्वेनबाई म्हणाल्या. "मुलीची आई दारात उभी राहून हाक मारते. मुलगी आवाजाच्या मागे मागे घरी येते. मला आता आठवतंय. आई हे म्हणताना माझ्या कानाशी यायची." मग त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ती धुक्यात हरवली आहे आणि मी बाहेर उभी आहे. तिला वाटत होतं, मीच हरवले आहे. ती मला घरी बोलावत होती, आणि मी तिला बर्फ देत होते."

"तिनं तो खाल्ला ना?" मी विचारलं.

"प्रत्येक वेळी."

"आणि हसली ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनाही हसू आलं, आणि रडूही. डेरेकनं आपला मोठा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. आपल्याकडे अशा वेळी दहा बायका जवळ घेतात आणि वीस सल्ले देतात. इथे सगळे आपापल्या जागी शांत बसून राहिले. त्या दुपारी तेच बरं वाटलं. मग कुणीतरी उठून चहाचं आधण ठेवलं. हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

रविवार, चॅपलपाशी

रविवारी निघताना शान यांनी ग्वेनबाईंना एक छोटं वाक्य घोकून घ्यायला लावलं. गाडीत त्या ते पुटपुटत होत्या आणि वळणं चुकत होत्या. दोनदा एकाच शेताच्या फाटकाशी पोचलो. दुसऱ्यांदा तिथल्या माणसानं आम्हाला ओळखीचा हात केला.

डोंगराच्या पलीकडच्या दरीत, त्यांच्या लहानपणच्या गावात, एक साधं करडं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, होतं. आईला तिच्या इच्छेप्रमाणे तिथेच पुरलं होतं. ऊन पडलं होतं. गवत ओलं होतं आणि बाजूच्या कुरणात कोकरं एकमेकांना ढुशा देत होती. काळ्या पाटीच्या दगडावर वेल्शमध्ये चार ओळी होत्या. त्या दगडावर काय लिहायचं ते मामेभावानं ठरवलं होतं, ग्वेनबाईंना वाचता येत नव्हतं.

त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुई अमा, माम."

मला वाटलं, त्या 'अम्मा' म्हणाल्या. पण 'अमा' म्हणजे इथे. मी इथे आहे, आई. उच्चार नीट झाला नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि मग तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आवाज चांगला मोठा होता. कोकरं थबकली.

मग त्या बाजूला सरकून म्हणाल्या, "आता तुम्ही बोला."

मी नव्या घरी पहिल्यांदा गेल्यावर सांगतो तसं सांगू लागले, मराठीतच. "मी सुलभा. नागपूरची. तुमच्या लेकीची विहीण. पोरं मजेत आहेत. पावसाळ्यात, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, तुम्हाला पणतू होईल नाहीतर पणती. त्याला आम्ही दोघी मिळून तुमची गोष्ट सांगणार आहोत. म्हातारी आणि धुकं मी सांगेन. हाक मारायचं काम तुमच्या लेकीचं." मी वाकून दगडाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"काय सांगितलंत तिला?" ग्वेनबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. "हाक वेल्शमध्ये मारायची," त्या म्हणाल्या.

"तर काय," मी म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मूल घरी येईल?"